बर्फात गाडी न्यायची आहे? नागपूरकरांसाठी टायर, साखळ्या आणि फोर-बाय-फोरची तयारी

डिसेंबर जवळ आला की नागपुरात हा प्रश्न हमखास ऐकू येतो: "फोर-बाय-फोर घेतली आहे, यंदा मनालीला बर्फात नेऊ का?" मोह साहजिक आहे. कामठी रोडने निघालं की मानसर, खवासा, सिवनी करत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पुढे झाशी, आग्रा, दिल्ली, जालंधर, जम्मू असा थेट श्रीनगरला पोहोचतो. मनालीला जायचं तर अंबाल्यापर्यंत हाच रस्ता, मग किरतपूरमार्गे डोंगरात; एकूण सुमारे १६०० किलोमीटर. रस्ता दारातून जातो, गाडी नवी आहे, मुलांनी बर्फ पाहिलेला नाही. जरूर जा.

फक्त एक क्रम उलटा लावू नका. फोर-बाय-फोरसाठी, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देणाऱ्या गाडीसाठी, शोरूममध्ये लाख-दोन लाख जास्त मोजणारी माणसं टायरवरची तारीख पाहत नाहीत आणि टायरवर चढवायची बर्फाची साखळी कधी हातात धरलेली नसते. बर्फात गाडी पुढे जाते ती इंजिनाच्या जोरावर, पण वळते आणि थांबते ती फक्त टायरवर. म्हणून आधी टायर, मग साखळ्या, मग चालवण्याची सवय, आणि फोर-बाय-फोर त्यानंतर. खाली त्याच क्रमाने सांगतो, पण त्याआधी फोर-बाय-फोरबद्दलचा गैरसमज दूर करू.

चारही चाकांना जोर म्हणजे नेमकं काय

ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. स्विफ्टलाही आणि थारलाही. त्यामुळे फोर-बाय-फोरने गाडी लवकर थांबत नाही. ती बर्फातून सुटते, चढ चढते, एक चाक जागेवर फिरलं तरी बाकीची चाकं ओढतात. एवढंच तिचं काम, आणि ते ती छान करते. धोका असा की गाडी सहज चढली म्हणून वेग वाढतो, आणि थांबायची वेळ येते तेव्हा टायरखाली धरायला काही नसतं.

थोडं गणित पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक दाबला तर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दबलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायरची पकड मोजणारा आकडा, ०.२ च्या आसपास उतरतो आणि हेच अंतर ३० मीटरच्या वर जातं. गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत थरावर घर्षण ०.१ किंवा त्याहूनही कमी, म्हणजे ६० मीटरच्या पुढे. यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. वेग निम्मा करून २० वर आणला तर त्याच गुळगुळीत थरावर अंतर १६ मीटरवर येतं. वेग निम्मा की अंतर पाव. बर्फात यापेक्षा उपयोगी आकडा दुसरा नाही.

आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे हे आता पक्कं करा. थारच्या फोर-बाय-फोर आवृत्त्या, जिम्नी आणि गुरखा यांच्यात वेगळा लिव्हर किंवा नॉब असतो: २एच (दोन चाकांना जोर), ४एच (चारही चाकांना), ४एल (चारही चाकांना, पण कमी वेग आणि जास्त जोर). साध्या रस्त्यावर २एच, बर्फ लागला की ४एच, रुतल्यावर किंवा अगदी तीव्र उतारावर ४एल. ४एचमध्ये पुढची आणि मागची चाकं एकाच गतीला बांधली जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, आणि कोरड्या डांबरावर टायरला घसरून ती तफावत भरून काढता येत नाही, म्हणून सगळा ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो. त्यामुळे बर्फ संपून डांबर लागलं की परत २एच. ग्रँड विटाराच्या ऑलग्रिप आवृत्तीसारख्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत हे काम गाडी स्वतः करते. तुम्ही फक्त 'स्नो' मोड लावायचा.

थार रिअर-व्हील-ड्राइव्हमध्येही मिळते आणि बाहेरून तशीच दिसते, हे खास लक्षात असू द्या. बर्फात मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी सगळ्यांत अवघड. आपली फोर-बाय-फोर आहे की नाही हे वाहनाच्या कागदांवरून नीट पाहून घ्या, कारण बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढे, अटल बोगद्याच्या अलीकडे पोलिस नेमकं हेच विचारतात.

पहिलं काम: टायर तपासा (निघायच्या महिनाभर आधी)

नेहमीच्या टायरचं रबर उष्ण रस्त्यासाठी केलेलं असतं. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की ते कडक होऊ लागतं आणि रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत बसत नाही. आपल्याकडे पारा इतका खाली वर्षातून मोजक्याच पहाटे जातो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती, तेव्हा सगळं शहर गारठलं होतं. मनालीत जानेवारीत तेवढी थंडी भर दुपारीही असू शकते.

हिवाळी टायर तीन बाबतींत वेगळा असतो. त्याचं रबर थंडीतही मऊ राहतं. रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात; त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. आणि त्याच्या खोल खाचांत बर्फ भरून बसतो. तो काढायची गरज नाही, बर्फ बर्फाला रबरापेक्षा चांगला चिकटतो. खरा हिवाळी टायर ओळखायचा तर बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. ते चाचणीत पास झाल्यावरच मिळतं. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो कंपनीने स्वतःच केलेला दावा असतो, त्याला चाचणीची अट नसते.

मग नागपूरहून जाणाऱ्याने हिवाळी टायर घ्यावेत का? माझं स्पष्ट मत: नाही. आपल्या बाजारात ते सहज मिळत नाहीत. मागवले तरी खवाशापासून अंबाल्यापर्यंतच्या ऊबदार रस्त्यावर ते मऊ रबर झपाट्याने झिजेल, आणि मे महिन्यात ४५ अंशांत तर ते वापरूच नये. आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी चांगल्या खाचांचे नेहमीचे किंवा ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर आणि त्यावर साखळ्या, हा हिशोब बरोबर बसतो. मोठमोठ्या ठोकळ्यांचे चिखलाचे टायर मात्र बर्फासाठी चांगले समजू नका. मऊ, खोल बर्फात ते चालतात. गोठलेल्या कडक थरावर त्यांचं कडक रबर आणि बिनचिरांचे ठोकळे सरळ घसरतात.

ज्यांची मुलं शिकायला किंवा नोकरीला थंड देशांत गेली आहेत त्यांच्यासाठी गणित वेगळं आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. जर्मनीत रस्ता बर्फाळ असेल तेव्हा ते लागतातच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फक्त डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले टायर धरले जातात. तिथे पैसे वाचवायला दोनच हिवाळी टायर घेऊन पुढे लावायचे, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. पुढची चाकं धरतात, मागची सुटतात, आणि पहिल्याच वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. घ्यायचे तर चार.

आता तुमच्या गाडीखालचे टायर. बाजूला एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नागपूरच्या उन्हात रबर लवकर म्हातारं होतं. उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल आणि टायरला पाच वर्षं होऊन गेली असतील, तर खाच शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं. भिंतीवर बारीक भेगा दिसतात का ते उन्हात नीट पाहा. खाचेची खोली कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, पण बर्फासाठी ४ मिलिमीटरच्या खाली असेल तर टायर बदलूनच निघा. ऑस्ट्रियात हिवाळी टायर याहून झिजला तर तो हिवाळी म्हणून धरतच नाहीत. टायरवाल्याला "भाऊ, खोली मोजून द्या" म्हणा, त्याच्याकडे मोजपट्टी असते. नवे टायर घेतानाही तारीख पाहूनच घ्या. आणि स्टेपनी विसरू नका. ती बहुधा गाडीतली सगळ्यांत जुनी वस्तू असते.

दुसरं काम: साखळ्या घ्या आणि नागपुरातच लावून पाहा

सगळ्यांत जास्त वेळ या कामाला द्या. रात्र पडलेली, बोटं बधिर झालेली, मागे गाड्यांचे हॉर्न, अशा वेळी पहिल्यांदा पिशवी उघडणाऱ्या माणसाचे हाल बघवत नाहीत.

टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकार, उदाहरणार्थ २१५/६० आर १६, हाच साखळीचा आकार. अंदाजाने घेऊ नका. त्याआधी गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक उघडा. काही गाड्यांत टायर आणि आतल्या सस्पेन्शनमध्ये जागा इतकी कमी असते की कंपनी साखळीला मनाई करते किंवा ठरावीक जाडीचीच लावायला सांगते. साखळी दोन आकृत्यांत मिळते. शिडीसारखी आडव्या पट्ट्यांची स्वस्त असते. हिऱ्याच्या आकाराच्या जाळीची महाग असते, पण तिची एखादी कडी सतत जमिनीवर टेकलेली राहते, म्हणून गाडी बाजूला कमी घसरते. डोंगरी वळणांसाठी दुसरीच घ्या. प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात त्या फार तर सपाट रस्त्यावरच्या थोड्या बर्फासाठी; घाटात त्यांच्या भरवशावर राहू नका. मनालीत साखळ्या भाड्याने मिळतात आणि लावून देणारेही भेटतात, पण बर्फ पडलेल्या दिवशी सगळे तिथेच धावतात.

साखळी नेहमी ओढणाऱ्या चाकांना. स्विफ्ट, नेक्सॉन, क्रेटा, अर्टिगा यांना पुढे. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, रिअर-व्हील-ड्राइव्ह थार यांना मागे. फोर-बाय-फोरला चारही चाकांना लावणं उत्तम. दोनच असतील तर कुठल्या चाकांना लावायच्या ते माहितीपुस्तकातच पाहा, प्रत्येक गाडीचं वेगळं असतं.

लावण्याची रीत अशी. एखाद्या रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, ज्या चाकांना साखळी लावायची नाही त्यांच्यामागे दगड लावा. साखळी जमिनीवर पसरून गुंता सोडवा. साखळीच्या आकड्यांची (हुकांची) उघडी तोंडं टायरपासून बाहेरच्या बाजूला वळलेली हवीत, नाहीतर ती टायरची भिंत घासतात. साखळी टायरवर वरून सारखी पसरवून टाका. आधी आतल्या बाजूचा आकडा अडकवा. तो दिसत नाही, हाताने चाचपून बसवावा लागतो, आणि सरावाची खरी गरज तिथेच आहे. मग गाडी अर्धा फेरा पुढे घ्या, खाली दबलेला भाग वर येईल. बाहेरचा आकडा लावा आणि ताण देणारी दोरी किंवा रबर ओढून बसवा. जॅक लावावा लागत नाही. बर्फावर असाल तेव्हा ५०-१०० मीटर चालवून थांबा आणि पुन्हा ताणा, कारण पहिल्या फेऱ्यांत साखळी हमखास सैल होते. सोसायटीत मात्र लावून झाली की तिथेच काढा. फरशीवर चालवलीत तर फरशीही जाईल आणि साखळीही.

दोन-तीनदा केलंत की हात बसतो. घरातल्या दुसऱ्या चालकालाही करायला लावा. गाडीत एक जुनी सतरंजी किंवा फ्लेक्सचा तुकडा ठेवा, गुडघे टेकायला. लोकरी हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे चढवले की बोटं कोरडी राहतात. डोक्याला बांधायचा टॉर्च हवाच.

साखळी लावल्यावर वेग ३० च्या आत. चाकाजवळून फटफट आवाज आला तर लगेच थांबा; तुटलेली कडी ब्रेकची नळी फाडू शकते. आणि साखळी बर्फ जाड होण्याआधी लावायची असते. गाडी चढावर अडकली, मग लावू, असा विचार केला तर लावायला सपाट जागाच उरत नाही.

तिसरं काम: बाकीची गाडी (पंधरा दिवस आधी)

बॅटरीकडे आधी पाहा. बॅटरी उन्हाने मरते आणि थंडीत मेल्याचं कळतं. नागपूरचे तीन उन्हाळे काढलेली बॅटरी इथे रोज गाडी सुरू करते, म्हणून शंका येत नाही. डोंगरात उणे तापमानात तिची ताकद बरीच उतरते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरीची ताकद मोजण्याची चाचणी, करून घ्या. निकाल काठावरचा असेल तर इथेच बदला. जंपर केबल सोबत ठेवा.

रेडिएटरमध्ये उन्हाळ्यात कोणी नुसतं पाणी ओतलं असेल तर कूलंट पूर्ण बदला. पाणी गोठताना फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ अंशांपर्यंत काळजी नाही. वायपरच्या टाकीतही साधं पाणी नको, न गोठणारं द्रावण घाला.

डिझेलच्या गाडीला एक काळजी जास्त. डिसेंबरात आपल्या घरात खोबरेल तेलाची बाटली थिजते तसंच डिझेलमधलं मेण कडक थंडीत थिजतं, फिल्टर तुंबतो आणि गाडी पहाटे सुरूच होत नाही. म्हणून खाली मैदानात भरलेली टाकी वर जाईपर्यंत उतरू द्या आणि डोंगरातल्या पंपावर भरा. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं वेगळं डिझेल दिलं आहे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना सल्ला आताच्या बीएस ६ इंजिनांना घातक आहे. पेट्रोलवाल्यांना ही चिंता नाही. विजेच्या गाडीची रेंज थंडीत चांगलीच घटते. डोंगरात चार्जिंगची सोय कुठे आहे हे पाहिल्याशिवाय ती नेऊ नका.

सामानात छोटं फावडं, टोचनाचा पट्टा, दोन रिकामी पोती, थोडी कोरडी वाळू, प्रत्येकाला एक ब्लँकेट, थर्मास, सुका खाऊ, नेहमीची औषधं आणि स्वतःचा हवा मोजायचा गेज एवढं असू द्या. पोती कळमन्यात कुठेही मिळतील आणि त्यांचा उपयोग पुढे कळेल.

चौथं काम: वर पोहोचल्यावर हवा पाहा

वाटेत डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरपासून दिल्लीच्या पुढपर्यंत दाट धुकं असतं. तो टप्पा रात्री किंवा पहाटे करू नका. अनेकांसाठी या प्रवासातला सगळ्यांत धोक्याचा भाग बर्फ नसतो, तोच असतो.

टायरच्या हवेत दोन गोष्टी एकमेकींच्या उलट घडतात. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब १ पीएसआयने (हवा भरताना गेजवर दिसणारं दाबाचं माप) कमी होतो. ३० अंशांतून उणे ३ वर गेलात तर पाच-सहा पीएसआय गेले. उलट मनाली २००० मीटरवर आहे, बाहेरची हवा विरळ आहे, त्यामुळे गेज तीनेक पीएसआय जास्त दाखवतो. एकूण दाब कमीच भरतो, पण नेमका किती ते गणिताने ठरवत बसू नका. पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या आकड्याइतकी हवा करा. वाळूत करतात तसं बर्फात हवा सोडून टायर पसरवण्याचा सल्ला नव्या माणसाने मानू नये, विशेषतः साखळी लावायची असेल तेव्हा.

पाचवं काम: बर्फावर चालवणं

पहिल्या दिवशी मोकळी, सपाट, बर्फाळ जागा शोधा. २० च्या वेगात मुद्दाम ब्रेक दाबून पाहा. पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर कशी लागते आणि गाडी किती पुढे जाते, हे एकदा अंगात भिनलं की अंतर ठेवायला कोणी सांगावं लागत नाही.

सुरुवात दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत. स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांतलं एका वेळी एकच, आणि तेही हळुवार. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या ब्रेकवर उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करण्याची आपल्याकडची सवय इथे जीवावर बेतेल. क्रूझ कंट्रोल बंद. चढावर पुढची गाडी वर पोहोचेपर्यंत खालीच थांबा. मध्ये थांबलात तर पुन्हा सुटणं कठीण. वर चढणाऱ्याला वाट द्या.

गाडी घसरलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, जिथे जायचं आहे तिकडे पाहा आणि स्टिअरिंग तिकडेच वळवा. दरीकडे पाहत राहिलात तर हातही तिकडेच वळतात. एबीएस असेल आणि थांबायचंच असेल तर ब्रेक दाबून धरा, पंप करू नका.

पांढरा बर्फ दिसतो तरी. भीती ब्लॅक आइसची: गोठलेल्या पाण्याचा पातळ पारदर्शक थर, खालचं काळं डांबर दिसत असल्याने रस्ता नुसता ओला वाटतो. सावलीतली वळणं, पूल, रस्त्यावरून वाहणारे झरे आणि बोगद्यांची तोंडं, ही त्याच्या ठिकाणांची यादी. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठतं, म्हणून सकाळी दहा ते दुपारी तीन एवढ्यातच फिरा. तापमान अगदी शून्याच्या आसपास असतं तेव्हा बर्फावर पाण्याचा पापुद्रा येतो आणि तो सर्वांत निसरडा असतो. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्या मानाने बरा.

अडकलात तर

चाक जागेवर फिरवत राहू नका, खालचा बर्फ वितळून काच तयार होते. चाकांपुढचा बर्फ फावड्याने काढा, ओढणाऱ्या चाकाखाली पोतं सरकवा किंवा वाळू टाका. ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणाऱ्या चाकाचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा) चाक फिरूच देत नसेल तर तेवढ्यापुरतं बंद करा, नंतर लगेच चालू. पुढे-मागे हळूहळू झुलवून गाडी बाहेर काढा. पोत्यावरून गाडी निघताना मागे कोणी उभं राहू नये, पोतं जोरात उडतं.

रात्रभर अडकायची वेळ आली तर गाडी सोडून चालत निघू नका. इंजिन चालू करण्याआधी प्रत्येक वेळी सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करा. ते बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून जास्त माणसं गेली, त्यांतल्या काहींबाबत हेच कारण पुढे आलं. तासातून दहा मिनिटं इंजिन, काच बोटभर उघडी, आणि एक जण जागा.

रात्री गाडी उभी करताना

हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओल्या केबल आणि लायनिंग गोठून चिकटतात. सपाट जागा पाहा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. वायपर उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, ती तडकते. डिफॉगर लावा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. टपावरचा बर्फही झाडून टाका, पहिल्या ब्रेकला तो समोरच्या काचेवर येतो.

गाडी खाली ठेवायची वेळ ओळखा

अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर, उंची ३००० मीटरच्या वर. त्यामुळे हिवाळ्यातही बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जाता येतं, आणि त्यामुळेच गर्दी तिथे लोटते. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या बर्फात अडकल्या आणि पोलिसांनी रात्रभर लोकांना बाहेर काढलं. बर्फ पडला की तिथे फोर-बाय-फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्यांनाच सोडतात, कधी कोणालाच नाही. हा निर्णय रोज बदलतो, म्हणून निघण्याआधी कुल्लू आणि लाहौल-स्पिती पोलिसांच्या त्या दिवसाच्या सूचना पाहा. काश्मीरमध्ये टंगमर्ग ते गुलमर्ग हा चढाचा टप्पा बर्फात साखळीशिवाय बंद असतो.

ताजा बर्फ पडत असेल, सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, किंवा साखळी लावूनही हात थरथरत असतील, तर गाडी मनालीत किंवा टंगमर्गला ठेवा आणि स्थानिक चालकाची फोर-बाय-फोर ठरवा. तो रोज त्याच वळणांवरून जातो, कुठलं वळण दुपारी तीनला गोठतं ते त्याला ठाऊक असतं. शेजारी बसून त्याचे हात-पाय पाहा. दोन तासांत जे शिकाल ते कुठल्याही लेखात मिळणार नाही. त्या हजार-दोन हजारांची घासाघीस करू नका.

परत आल्यावर

साखळ्या गोड्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, तेलाचा हात फिरवून पिशवीत भरा, नाहीतर पुढच्या वर्षी गंजाचा गोळा निघेल. गाडी रॅम्पवर चढवून खालून धुवून घ्या. टायरच्या आतल्या भिंतींवर साखळीने काप पडलेत का हे चाक काढूनच दिसतं, तेव्हा अलाइनमेंटच्या वेळी पाहायला सांगा. वर भरलेली हवा नागपूरच्या तापमानात बदललेली असते, ती पुन्हा मोजा. फेब्रुवारीच्या अखेरीस इथला रस्ता तापायला लागतो आणि चुकीच्या दाबाचा टायर तिथेही माफ करत नाही.